संशोधन संस्थेतली व्याख्यानं आणि खुले कार्यक्रम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उंच भिंत, फाटकावर सुरक्षारक्षक, आत दाट झाडी आणि पाटीवर लांबलचक नाव. संशोधन संस्थेपुढून जाताना बहुतेकांना वाटतं, इथं आपलं काय काम? काम असतं. जवळपास प्रत्येक मोठ्या संस्थेत वर्षभर असे कार्यक्रम चालू असतात, ज्यांना कुणीही जाऊ शकतं, आणि त्यातले बरेचसे फुकट असतात. अडचण एवढीच, की त्यांच्या सूचना आतल्या माणसांनी आतल्या माणसांसाठी लिहिलेल्या असतात. ‘सर्वांचे स्वागत’ असं खाली छापलेलं असतं, पण त्या ‘सर्वां’त आपण धरलेले आहोत की नाही, हे काही कळत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. पदवीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला होता, तो या व्याख्यानांमुळे पुन्हा जुळला. तिथं जायला लागल्यावर हळूहळू जे कळत गेलं, ते इथं क्रमानं लिहितो आहे.

आणि आपण आगंतुक आहोत ही भीती आधी काढून टाका. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कलकत्त्यात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ स्थापन केली, तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षं लोकांसाठी विज्ञानाची व्याख्यानं भरवणं हेच तिचं मुख्य काम होतं. १९०७ मध्ये अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी तिथं जाऊन पोचला आणि कचेरी सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोग करू लागला. त्याचं नाव सी. व्ही. रामन. आपल्याला काही नोबेल मिळवायचं नाही, पण फाटक ओलांडायला ओळखपत्रावर ‘शास्त्रज्ञ’ लिहिलेलं लागत नाही, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

## १. आधी कार्यक्रमाचा प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. नवखा माणूस सेमिनारला जाऊन बसतो, दहाव्या मिनिटाला गांगरतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून आधी प्रकार समजून घ्या.

जाहीर व्याख्यान. हे तुमच्यासाठीच असतं. वक्त्याला बजावलेलं असतं, की समोर कुणीही असेल, समीकरणं दाखवू नका. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं १८२५ साली शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली, ती या प्रकाराची जुनी आणि भक्कम परंपरा. तिथं वक्त्याची ओळख करून देत नाहीत. वक्ता येतो, थेट विषयाला हात घालतो आणि तासाच्या ठोक्याला थांबतो. जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या विद्युत्‌लहरींबद्दल १८९७ च्या जानेवारीत तिथंच व्याख्यान दिलं होतं. वीस मिनिटं हारतुरे आणि सत्कार झेलून झाल्यावर मला ही पद्धत नेहमी आठवते.

कलोक्वियम. संपूर्ण विभागासाठीचं, बहुधा आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी होणारं तासाभराचं व्याख्यान. श्रोत्यांत त्याच विषयाच्या पण वेगळ्या शाखांतली मंडळी असतात, म्हणून चांगला वक्ता पहिली पंधरा-वीस मिनिटं पार्श्वभूमीला देतो. तेवढी मिनिटं आपल्यालाही झेपतात. पुढं चढ लागतो. चार-पाच जाहीर व्याख्यानं ऐकून झाली की इकडं वळा. माझ्या मते खरी गोडी इथंच आहे, कारण विज्ञान अजून पक्कं न झालेल्या अवस्थेत बघायला मिळतं.

सेमिनार आणि जर्नल क्लब (म्हणजे एखादा शोधनिबंध मिळून वाचायची बैठक). एकाच उपशाखेतल्या दहा-वीस जणांसाठी. कुणी हाकलणार नाही, पण कळणारही नाही. सुरुवातीला सोडून द्या.

पीएचडीच्या प्रबंधाचं सादरीकरण. याची कुणी जाहिरात करत नाही आणि म्हणूनच ते हातचं निसटतं. अनेक देशांत हे खुलं असतं. एका माणसाची चार-पाच वर्षांची मेहनत पाऊण तासात समोर येते, आणि परीक्षकांना सगळं माहीत आहे असं गृहीत धरायची सोय नसल्यानं सुरुवात बरीच सोपी असते. नेदरलँड्समध्ये तर हा समारंभच असतो. वेळ संपली की दंडधारी अधिकारी आत येतो आणि लॅटिनमध्ये ‘होरा एस्ट’ म्हणजे ‘वेळ झाली’ असं जाहीर करतो. उमेदवार वाक्याच्या मध्यावर असला तरी परीक्षा तिथंच संपते. उलट ब्रिटनमध्ये ही परीक्षा बंद दाराआड होते. त्यामुळे तुमच्या संस्थेत काय रीत आहे, ते विचारून घ्या.

परिषद, कार्यशाळा, स्कूल (म्हणजे संशोधकांसाठीचा काही दिवसांचा अभ्यासवर्ग). इथं अर्ज, निवड आणि शुल्क असतं. नुसतं जाऊन बसता येत नाही. पण परिषदेची कार्यक्रमपत्रिका शेवटपर्यंत वाचा. कित्येकदा एका संध्याकाळी खास लोकांसाठी एक व्याख्यान ठेवलेलं असतं, आणि परिषदेला दूरदेशाहून आलेला नावाजलेला माणूसच ते देतो. ही पत्रिका संशोधकांसाठीच्या पानावर असल्यानं बाहेरच्यांना तिचा पत्ता लागत नाही.

खुला दिवस. प्रयोगशाळा बघायची संधी. त्याचं तंत्रच वेगळं आहे, त्यामुळे ते पुढं स्वतंत्र सांगतो.

## २. सूचना नीट वाचा

शीर्षकावर भाळू नका. ‘विश्वाचं भवितव्य’ असं शीर्षक असतं आणि आत पन्नास मिनिटं एकाच समीकरणाच्या तीन उकली. शीर्षकाखालचा सारांश वाचा. पहिल्या दोन वाक्यांत रोजच्या भाषेत एखादा प्रश्न मांडला असेल तर बिनधास्त जा. पहिल्याच वाक्यात तीन लघुरूपं असतील तर ते व्याख्यान तुमच्यासाठी नाही.

आयोजक कोण आहे तेही बघा. विज्ञान प्रसार विभाग किंवा जनसंपर्क कार्यालय असेल तर कार्यक्रम लोकांसाठी. एखादा संशोधन गट असेल तर त्या गटासाठी.

भाषेची चौकशीही आधीच करा. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या व्याख्यानांसारखे काही उपक्रम सोडले, तर संशोधन संस्थांमध्ये इंग्रजीचाच वापर जास्त. पण प्रश्नोत्तरांत वक्त्याला तुमची भाषा येत असेल तर त्या भाषेत विचारायला काहीच हरकत नसते.

वेळेबाबत एक सापळा आहे. जर्मनी आणि आसपासच्या देशांतल्या विद्यापीठांत वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिलेलं असेल तर व्याख्यान छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं. ‘एस. टी.’ असेल तर अगदी वेळेवर. इतरत्र दहा मिनिटं आधी पोचणं उत्तम. गेटवरच्या नोंदीला वेळ लागतो, तो त्यात धरलेला नाही.

आणि त्या दिवशी सकाळी सूचना पुन्हा एकदा बघा. वक्त्याचं विमान चुकतं, सभागृह बदलतं. संस्थेतल्या माणसांना ते अंतर्गत ईमेलवर कळतं, तुम्हाला कुणी कळवत नाही.

## ३. नोंदणी, फाटक आणि कागदपत्रं

जाहीर व्याख्यानाला कधी नोंदणी लागते, कधी नाही. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये, १५३० पासून चालत आलेल्या संस्थेत, व्याख्यानं सर्वांना खुली आणि मोफत असतात, नावनोंदणीही लागत नाही. दुसऱ्या टोकाला अणुऊर्जा किंवा संरक्षणाशी संबंधित संस्था. तिथं यादीत नाव नसेल तर रक्षक कितीही सज्जन असला तरी सोडू शकत नाही, आणि त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. निर्णय त्याच्या हातात नसतोच.

बरोबर काय ठेवायचं:

- फोटो असलेलं मूळ ओळखपत्र. मोबाइलमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही.
- नोंदणीची पोच, छापील किंवा स्क्रीनशॉट काढून. फाटकापाशी नेटवर्क नसणं ही नेहमीचीच गोष्ट.
- सभागृहाचं नाव आणि इमारत. संस्थेचा परिसर मोठा असतो आणि सगळ्या इमारती सारख्या दिसतात.
- आयोजक कार्यालयाचा फोन नंबर.
- वही आणि पेन.

नोंदणी करताना ओळखपत्रावर आहे तसंच नाव लिहा. परदेशी नागरिक बरोबर असेल तर पुष्कळ आधी कळवा, त्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागू शकते. गाडी आत सोडतात का, लॅपटॉप आणि कॅमेरा चालतो का, मुलांसाठी वयाची अट आहे का, हे तीन प्रश्न फोनवर एकदमच विचारून टाका.

रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी जाणार असाल तर मोबाइलचा नियम गांभीर्यानं घ्या. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणारे त्यांचे संकेत इतके क्षीण असतात, की खिशातला फोन त्यांच्यापुढे बोंबलतच असतो. फोन म्यूट करून भागत नाही, तो बंदच करावा लागतो. अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या गावातल्या रेडिओ दुर्बिणीभोवती १९५८ पासून रेडिओ-शांत क्षेत्र आखलेलं आहे आणि दुर्बिणीच्या जवळ डिझेलवरच्याच गाड्या नेतात, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या ठिणगीचाही अडथळा होतो.

## ४. जाण्याआधी अर्धा तास

यापेक्षा जास्त तयारी करू नका. वक्त्याचा शोधनिबंध उघडून बसाल तर जाण्याआधीच उत्साह मावळेल.

सारांशातले न कळलेले तीन शब्द निवडा आणि तेवढेच शोधा. वक्त्याचं एखादं जुनं व्याख्यान ऑनलाइन असेल तर पाच मिनिटं बघा, निदान उच्चाराची सवय होते. मग वहीत एक प्रश्न लिहा: या माणसाला नेमकं काय शोधून काढायचंय? उत्तर येत नसलं तरी चालेल. व्याख्यानभर कान त्याच उत्तराच्या शोधात राहतात.

## ५. सभागृहात बसल्यावर

पहिली रांग यजमानांसाठी असते. शेवटच्या रांगेतून आलेखांवरची अक्षरं दिसत नाहीत. मधल्या भागात बसा. लवकर निघायचं असेल तर कडेची खुर्ची धरा.

आता मुख्य मुद्दा. वक्ता पडद्यावर आलेख दाखवतो, बोलत राहतो, आणि आपण त्या रंगीत रेषेकडे बघत बसतो. रेषेकडे नंतर बघा. आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचा. आडव्या अक्षावर काळ आहे की तापमान की अंतर? उभ्यावर काय मोजलंय? मग अंक बघा. १, १०, १००, १००० असे चढत गेले असतील तर ती लॉग मोजपट्टी आहे. तिच्यावर एका घराची उडी म्हणजे दहापट फरक, त्यामुळे दिसायला किरकोळ वाटणारी वाढ प्रत्यक्षात प्रचंड असू शकते. ठिपक्यांना वर-खाली शेपट्या असतील तर ती मोजमापातली अनिश्चितता. शेपट्या लांब आणि रेषा मात्र ठिपक्यांतून ऐटीत गेलेली दिसली, तर समजा की सभागृहातले जाणकार प्रश्नोत्तरांत तिथंच बोट ठेवणार. कोपऱ्यात ‘प्रिलिमिनरी’ लिहिलेलं असेल तर निष्कर्ष अजून कच्चा आहे. ती स्लाइड बाहेर जाऊन पक्की बातमी म्हणून सांगू नका.

एवढं जमलं की विषय कुठलाही असो, अर्धं व्याख्यान हाती लागतं.

मध्येच धागा सुटतो. सगळ्यांचाच सुटतो, संस्थेतल्यांचाही. सुटलेला पकडायच्या नादात पुढचंही हुकतं, म्हणून तो भाग सोडून द्या. वक्ता ‘थोडक्यात’ किंवा ‘आता पुढचा प्रश्न’ म्हणाला की पुन्हा आत शिरायची संधी असते. पद्धती बाजूला ठेवल्या तरी चालतील, प्रश्न आणि निष्कर्ष हातचे सोडू नका.

स्लाइडचे फोटो काढण्याआधी विचारा. अप्रकाशित माहिती असेल तर वक्त्याला ते आवडत नाही, आणि काही परिषदांत तर सक्त मनाई असते. पडद्यावर फ्लॅश मारला तर फोटोत काहीच येत नाही, हेही जाता जाता.

## ६. प्रश्न विचारताना

प्रश्न एका वाक्यात विचारा. ‘मला असं वाटतं की’नं सुरू होऊन तीन मिनिटं चालणारी गोष्ट म्हणजे प्रश्न नव्हे, भाषण आहे, आणि सूत्रसंचालक ते थांबवतोच. अनेक संस्थांत पहिली संधी विद्यार्थ्यांना द्यायची रीत आहे. तेवढं थांबा.

चालणारे प्रश्न: हे मोजताना सगळ्यात अवघड काय गेलं? तुमचं म्हणणं चूक ठरवायचं असेल तर काय दिसावं लागेल? दुसऱ्या गटांना हेच आढळलं का? यांना विषयाचं ज्ञान लागत नाही, तरी उत्तरं मात्र ऐकण्यासारखी येतात. दुसरा प्रश्न तर माझा आवडता. कसलेला वक्ता त्यावर खुलतो.

न चालणारे प्रश्न: स्वतःचा विश्वसिद्धांत मांडणं, वक्त्याच्या विषयाशी संबंध नसलेलं पण ‘विज्ञान’च आहे म्हणून विचारलेलं, आणि ‘याचा उपयोग काय?’ हा खवचट सुरात. उपयोग जरूर विचारा, सूर तेवढा सांभाळा.

माइक हातात घ्यायची धास्ती वाटत असेल तर व्याख्यान संपल्यावर लगेच पळू नका. बाहेर चहा असतो आणि तिथं वक्ता एकटा सापडतो. कलोक्वियमच्या आधी किंवा नंतर चहाला जमणं ही जगभरच्या संस्थांतली रूढ गोष्ट आहे. वक्त्याभोवती गर्दी असेल तर शेजारी उभ्या असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला विचारा. तो जास्त वेळ देतो, जास्त सोपं सांगतो, आणि त्याला कुणी काही विचारलं याचं त्याला अप्रूपही असतं.

## ७. खुला दिवस गाठायचा असेल तर

रामन परिणामाच्या शोधाची घोषणा २८ फेब्रुवारी १९२८ ला झाली. १९८७ पासून भारतात तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात, आणि त्याच्या आगेमागे अनेक संस्था आपली दारं उघडतात. इतर देशांत तारखा वेगळ्या. काही ठिकाणी तर दरवर्षी खुला दिवस नसतोच. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २०१९ च्या सप्टेंबरात दोन खुल्या दिवसांत सुमारे ७५ हजार लोक आले होते, कारण कणांना वेग देणारं यंत्र, म्हणजे प्रवेगक, बंद असतानाच्या काळातच भूगर्भातला भाग एवढ्या लोकांना दाखवता येतो.

गर्दीचं गणित सोपं आहे. सगळे जण फाटकाजवळच्या पहिल्या दालनात शिरतात. तुम्ही नकाशा घ्या, सगळ्यात लांबच्या किंवा मर्यादित प्रवेशाच्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करा आणि उलटे या. दिवसात तीन-चार प्रयोगशाळा नीट बघितल्या तरी भरपूर झालं. वीस दालनांतून धावत माहितीपत्रकं गोळा करणाऱ्यांच्या हाती शेवटी माहितीपत्रकंच राहतात.

काही गोष्टी सुरक्षिततेच्या, त्यात तडजोड नको:

- एनएमआर (रेणूंची रचना तपासणारं यंत्र) किंवा एमआरआय यांच्यासारख्या यंत्रांतल्या ताकदीच्या चुंबकाजवळ पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीनं जाऊ नये. शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर आत शिरण्याआधी सांगा. घड्याळ, किल्ल्या आणि बँकेचं कार्ड बाहेर ठेवा. हे चुंबक अतिवाहक (म्हणजे अतिथंड तारेतून वीज न अडता फिरत राहते असं) असेल तर यंत्र ‘वापरात नाही’ म्हटलं तरी त्याचं क्षेत्र चालूच असतं.
- रसायनाच्या प्रयोगशाळेत पाय झाकणारे बूट हवेत. सॅंडल घालून आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात.
- लेझर असलेल्या खोलीत दिलेला चष्मा डोळ्यांवरच ठेवा, कपाळावर नको.

रात्री दुर्बिणीतून आकाशदर्शन असेल तर डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी फोन उघडला की सगळ्यांची मेहनत वाया. टॉर्च लागलाच तर लाल उजेडाचा. ढग आले तर कार्यक्रम रद्द होतो आणि त्याला कुणीच जबाबदार नसतं, म्हणून लांबून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चौकशी करावी.

दुर्बिणीतून पाहताना छायाचित्रातले रंग दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. तेजोमेघ डोळ्याला करडा धुरकट डाग दिसतो. शनीची कडी मात्र कुणाला निराश करत नाही.

## ८. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर

बऱ्याच संस्था व्याख्यानं थेट प्रक्षेपित करतात आणि नंतर ध्वनिचित्रफीत ठेवतात. वेळ कुठल्या देशातली लिहिली आहे ते तपासा. युरोप-अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढं सरकतात, त्यामुळे मार्चच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास गणित हमखास चुकतं. ध्वनिचित्रफीत बघायची तर आलेखापाशी थांबवून अक्ष वाचता येतात, हा तिचा मोठा फायदा.

## ९. कुठलाच खुला कार्यक्रम दिसत नसेल तर

छोट्या संस्थांत खुले कार्यक्रम जाहीर होत नाहीत, पण कलोक्वियम चालूच असतं. अशा वेळी जनसंपर्क कार्यालयाला किंवा कलोक्वियमच्या संयोजकाला सरळ लिहा. पत्र छोटं ठेवा. स्वतःच्या विज्ञानप्रेमाचा इतिहास नको, कोणत्या कार्यक्रमाला यायचंय तेवढं स्पष्ट हवं. साधारण असं:

‘महोदय/महोदया, मी अमुक गावी राहतो/राहते, व्यवसायाने शिक्षक आहे. आपल्या संस्थेत येत्या गुरुवारी दुपारी ४ वाजता होणाऱ्या कलोक्वियमचा विषय वाचला. बाहेरच्या व्यक्तीला श्रोता म्हणून येता येईल का? येता येत असेल तर प्रवेशासाठी कोणतं ओळखपत्र लागेल आणि फाटकावर कुणाचं नाव सांगायचं, हे कृपया कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. परवानगीचं उत्तर बहुधा येतं, पण ‘फाटकावर कुणाचं नाव सांगायचं’ हे विचारल्याशिवाय कुणी कळवत नाही, आणि रक्षकाच्या वहीत आधी तोच रकाना भरायचा असतो. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, शक्यतो दुपारी जेवणाची वेळ टाळून.